नववी-दहावीच्या नावाने घेतलेला पैसा नववी-दहावीपर्यंत पोचू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ४५ हजार कोटींहून जास्त महसुली तूट दाखवली आहे आणि राज्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे गेलं आहे. असे आकडे पेपरात आले की आमच्या शाळेच्या कार्यालयात पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "यंदा वेतनेतरचं काही खरं नाही." मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत वरिष्ठ लिपिक आहे. पगारबिलं, लाईट बिल, प्रयोगशाळेची खरेदी, यू-डायसची माहिती, शाळा सोडल्याचे दाखले, सगळं माझ्या टेबलावरून जातं. तंगीच्या वर्षात माध्यमिक शाळेत आधी काय तुटतं आणि मग काय तुटतं, हे मला कॅशबुकात दिसतं. त्याबद्दल लिहायचं आहे. नोकरीत असल्यामुळे नाव छापू नये, ही विनंती.

अनुदानित शाळेला शासनाकडून दोन प्रकारचा पैसा येतो. एक पगाराचा. तो शालार्थ प्रणालीतून थेट कर्मचाऱ्यांच्या खात्यात जमा होतो, शाळेच्या हाताला लागत नाही. दुसरा वेतनेतर अनुदानाचा, आणि शाळा म्हणून जे काही चालतं ते याच्यावर चालतं. खडू, फळ्याचा रंग, झाडू, फिनेल, लाईट बिल, उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर, गळक्या पत्र्याची दुरुस्ती, विज्ञानाच्या प्रात्यक्षिकासाठी आम्ल आणि लिटमस, वाचनालयातलं एखादं नवं पुस्तक, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी. २००४ नंतर कित्येक वर्षं हे अनुदान बंदच होतं. २०१३ पासून ते वेतनाच्या पाच टक्के दराने पुन्हा सुरू झालं. पण हे पाच टक्के आजच्या पगारावर धरत नाहीत, जुन्या वेतनश्रेणीच्या पगारावर धरतात. बाजारातले भाव आणि विजेचा दर मात्र आजचा असतो. सत्र शुल्क नाममात्र, मुलींना बारावीपर्यंत फी नाही, आणि नसावीच. म्हणजे शाळेला दुसरीकडून पैसा उभा करायला जागा नाही.

हे पाच टक्केही येतात कधी? मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. त्यातही एकतीस तारखेच्या आत बिल टाकलं नाही तर पैसा परत जातो. शाळा जूनअखेर सुरू झालेली असते. जुलैत गळलेलं छत, ऑगस्टमध्ये तुटलेला पंप, दिवाळीच्या आधी कापलेली वीज, हे सगळं मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून, शिक्षकांच्या वर्गणीतून किंवा गावातल्या दुकानदाराच्या उधारीवर भागवतात. मार्चमध्ये पैसा येतो तेव्हा मी आधी उधाऱ्या फेडते. सुधारणेसाठी म्हणून एक रुपया वेगळा काढल्याचं मला आठवत नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे सहामाही परीक्षेच्या दिवसांत वीज तोडली गेली. ज्या खोलीत लोकसहभागातून घेतलेला डिजिटल बोर्ड आहे, त्याच खोलीत मुलांनी खिडकीजवळ दाटीवाटीने बसून पेपर लिहिला. बोर्ड चांगला आहे, देणाऱ्यांचे उपकारच आहेत. पण लाईट बिल भरायची तरतूद नसलेल्या शाळेला असं साहित्य देण्यापेक्षा तिचं वर्षाचं बिल भरा, असं आता मी प्रत्येक देणगीदाराला स्पष्ट सांगते.

करोनाच्या वर्षाचा हिशेब इथे मांडायला हवा, कारण तेव्हाची मंदी खरी होती आणि निर्णयही कठोर झाले. ४ मे २०२० रोजी राज्याने ठरवलं की त्या वर्षी विकासकामांना ३३ टक्केच निधी मिळेल आणि आरोग्य व वैद्यकीय शिक्षण सोडून कुठेही नवी भरती होणार नाही. त्या महिन्यात दुसरं काय करता आलं असतं, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. दवाखान्याला आधी पैसा द्यायलाच हवा होता. माझं म्हणणं पुढचं आहे. तंगीत घेतलेला निर्णय तंगी संपल्यावर कोणी मागे घेत नाही. शिक्षक भरती २०१२ च्या मे महिन्यात थांबवली होती. ऑनलाइन शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलची व्यवस्था यायला २०१७ उजाडलं. नववीचा वर्ग तेवढा वेळ कसा थांबेल? त्या काळात नववीत असलेली मुलं आता पंचविशीच्या घरात आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना गणित मराठीच्या नाहीतर इतिहासाच्या शिक्षकांनी शिकवलं. शिकवणाऱ्यांनी मनापासून शिकवलं, पण गणिताचा माणूस नव्हता तो नव्हताच.

याच करोनाच्या वर्षात, डिसेंबर २०२० मध्ये, आणखी एक शासन निर्णय निघाला. त्याच्याबद्दल शहरात कोणी फारसं बोललं नाही. अनुदानित शाळांतली शिपायांची पदं रिकामी होतील तशी रद्द करायची आणि त्याऐवजी शिपाई भत्ता द्यायचा. ग्रामीण भागात हा भत्ता महिना पाच हजार रुपये. आमच्या शाळेतले शेवटचे शिपाई मामा निवृत्त झाले तेव्हापासून मी त्या पाच हजारांत माणूस शोधते आहे. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर रोज दोनशे रुपयेही पडत नाहीत. रोजगार हमीवर २०२५-२६ मध्ये राज्यात दिवसाला ३१२ रुपये मजुरी होती. आमच्या गावातला माणूस खड्डे खणायला जाईल, तो सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत शाळेत का थांबेल? घंटा मुलं वाजवतात, ते ठीक आहे. पण टाकी कोणी भरायची, वर्ग कोणी झाडायचे, फाटकावर कोणी उभं राहायचं? आणि स्वच्छतागृह? ज्या दिवशी पाणी चढत नाही त्या दिवशी आठवी ते दहावीच्या मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. मला हे माहीत आहे, कारण मुली सरांकडे जात नाहीत, कार्यालयात माझ्याकडे येतात. महिन्यातले ते चार दिवस कितीतरी मुली घरीच राहतात. हजेरीपटावर ते "गैरहजर" एवढंच दिसतं.

मंदीत शाळेचा पट घटत नाही, हे मुंबईत बसलेल्यांना कोणीतरी सांगायला हवं. घरातला पैसा आटला की लोक इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेतून मुलं काढतात आणि आमच्याकडे आणतात. करोनानंतरच्या 'असर' पाहणीतही हेच दिसलं होतं. २०१८ मध्ये देशात ग्रामीण भागातली ६४.३ टक्के मुलं सरकारी शाळांत होती, २०२१ मध्ये ती ७०.३ टक्के झाली. आमच्या शाळेत तेव्हा पाचवीच्या आणि आठवीच्या प्रवेशाला रांग लागली. ज्या वर्षी आमच्याकडे मुलं जास्त येतात त्याच वर्षी आमचा निधी कापला जातो.

दुसऱ्या बाजूने मुलं गळतातही, आणि ती नेमकी नववी-दहावीत गळतात. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. पुढची दोन वर्षं कायद्याच्या भाषेत कोणाचीच नाहीत. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात ते चार हजारांच्या आसपास विकलं गेलं. २०२५ मध्ये सप्टेंबरच्या पावसाने उभं पीक पाण्यात घातलं. दिवाळीनंतर माझ्या टेबलासमोर वडील उभे राहतात : "बाई, यंदा काही हाती लागलं नाही. पोराचा दाखला देऊन द्या, पुण्याकडे कंपनीत लावतो." पोरगा नववीत असतो. मुलगी असेल तर वडील कारण सांगत नाहीत, मान खाली घालतात, आणि मला कळतं. बालविवाहाबद्दल आम्ही शिक्षक आणि अंगणवाडीताई मिळून बोलतो, कधी थांबवतोही. पण "शाळेत तरी काय चाललंय बाई, विज्ञानाला सर नाही, पाणी नाही, एसटी येत नाही" असं एखादी आई म्हणते तेव्हा तिला द्यायला माझ्याकडे काही नसतं.

एसटीवरून आठवलं. मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस सुरू झाल्या. आठवी ते बारावीच्या मुलींना गावातून शाळेत आणून सोडणाऱ्या. माध्यमिक शिक्षणावर या राज्याने खर्च केलेल्या पैशांपैकी हा सगळ्यात सार्थकी लागलेला पैसा, असं माझं मत आहे. मार्चमध्ये बस नियमित असली तर दहावीच्या मुली परीक्षेला बसतात, इतका सरळ संबंध आहे. २०२१-२२ च्या हिवाळ्यात एसटीचा लांबलेला संप झाला तेव्हा दूरच्या वाड्यांवरच्या मुली यायच्या थांबल्या. संप मिटल्यावर सगळ्या परत आल्या नाहीत. आधी दीड वर्ष करोनाने नेलं होतं, मग बसने नेलं. एकदा नववीतून सुटलेली मुलगी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी देईल, असं कागदावर म्हणता येतं. प्रत्यक्षात आमच्या भागात असे फॉर्म मुलंच जास्त भरतात.

आता पैशाचा प्रश्न. "पैसा कुठून आणायचा?" हे प्रत्येक सभेत ऐकते. माझं उत्तर असं की माध्यमिक शिक्षणाच्या नावाने पैसा लोकांकडून घेतला जातो, आधीपासूनच.

केंद्राने २००७ च्या अर्थसंकल्पात माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी म्हणून करांवर एक टक्का उपकर लावला. कॅगने नंतर दाखवून दिलं की २००६-०७ ते २०१६-१७ या काळात त्यातून ८३ हजार कोटींहून जास्त रक्कम गोळा झाली, पण तिच्यासाठी वेगळा निधीच उभा केला नव्हता. तो कोष मंत्रिमंडळाने मंजूर केला ऑगस्ट २०१७ मध्ये. लगेच २०१८ पासून शिक्षणाचे उपकर जाऊन आरोग्य आणि शिक्षणाचा मिळून चार टक्के उपकर झाला. माध्यमिकचा हिस्सा कुठला, हे आता सामान्य माणसाला पावतीवरून कळत नाही. राज्यातही १९६२ च्या कायद्याने शिक्षण उपकर आहे. नगरपालिकेच्या घरपट्टीच्या बिलावर घरपट्टी, वृक्ष कर यांच्याबरोबर "शिक्षण कर" अशी ओळ असते. मी दर वर्षी ती भरते. माझ्या बिलातली ती रक्कम कोणत्या शाळेच्या कोणत्या वर्गाला लागली, हे मला वाचायला मिळालं तर पुढच्या वर्षी आनंदाने भरेन, आणि शेजाऱ्यालाही भरायला सांगेन.

वाईट काळातही एका कामासाठी कर घेऊन तो त्याच कामाला लावायचा रस्ता याच राज्याने एकदा काढून दाखवला आहे. १९७२ चा दुष्काळ आमच्या आईवडिलांनी सुकडीवर आणि खडी फोडून काढला. वसंतराव नाईकांचं सरकार होतं आणि वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा विचार रेटला होता. तिजोरी तेव्हाही भरलेली नव्हती. पण १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला, शहरातल्या पगारदारांनी गावातल्या मजुराच्या कामासाठी पैसे द्यायचे ठरलं, आणि त्या करांतून जेवढी रक्कम येईल तेवढीच राज्याने स्वतःची घालायची, हे रोजगार हमीच्या कायद्यातच लिहिलं. आमच्या पगारबिलात आजही दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा व्यवसाय कर कापला जातो. मी तो कापते तेव्हा मला वाईट वाटत नाही, कारण कशासाठी सुरू झाला ते मला माहीत आहे. नंतरच्या काळात तो पैसा पूर्णपणे त्याच कामी गेला का, यावर लेखापरीक्षकांनी प्रश्न विचारले आहेत, आणि ते विचारायलाच हवेत. पण हेतू कायद्यात लिहिलेला होता म्हणून निदान विचारता आले. शाळांच्या वेतनेतर पैशाबद्दल असं विचारायला जागाच नाही. तो मिळाला तर उपकार, नाही मिळाला तर नशीब.

२००९ मध्ये सगळ्या जगात मंदी होती तेव्हा केंद्राने राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान सुरू केलं. मंदीत माध्यमिक शिक्षणावर खर्च वाढवता येतो, हे तेव्हा दिल्लीनेच दाखवलं. महाराष्ट्राला त्याचा हवा तेवढा उपयोग झाला नाही. बांधकामाचा पैसा सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी होता. आमच्या राज्यात जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक ठिकाणी सातवी-आठवीला संपते आणि पुढचं शिक्षण संस्थांच्या अनुदानित शाळांत होतं. त्यामुळे ज्या इमारतीत राज्याची बहुतेक मुलं दहावी होतात, तिला केंद्राच्या योजनेतून एक खोली मिळाली नाही. आता केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतही शाळा अनुदान सरकारी शाळांनाच.

यावर कोणी म्हणेल, संस्था खाजगी आहेत, त्यांनी पाहावं. काही संस्थाचालकांनी शाळांचं काय केलं आहे ते आम्ही कर्मचारी जवळून पाहतो. त्यांच्या हातात पैसा द्या असं मी मुळीच म्हणत नाही. पगार जसा थेट खात्यात येतो तसा वेतनेतरचा पैसा मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघ यांच्या संयुक्त खात्यात यावा. आलेली आणि खर्चलेली रक्कम शाळेच्या दर्शनी भिंतीवर रंगवून लिहावी, जशी ग्रामपंचायतीची कामं लिहितात. पालकांना हिशेब चांगला कळतो. आमच्या पालकसभेत एका आईने खडूच्या पेटीचा भाव विचारला होता आणि तिचा भाव बरोबर होता. पण संस्था वाईट आहे म्हणून तिच्या शाळेतल्या मुलीला पाणी द्यायचं नाही, हे मला पटत नाही.

माझ्या टेबलावरून जेवढं दिसतं त्यावरून मागणं फार मोठं नाही. वेतनेतर अनुदान चालू वेतनावर धरा आणि त्याचा पहिला हप्ता जूनमध्ये, शाळा उघडताना द्या. हे झालं तर बाकीचं पुष्कळ आपोआप होईल. शाळांना विजेचं आणि पाण्याचं बिल शासनाने परस्पर भरलं तरी चालेल, आम्हाला ते पैसे हातात नकोत. शिपाई भत्ता निदान रोजगार हमीच्या मजुरीइतका करा, आणि मुलींची शाळा किंवा मुलींचा पट मोठा असलेली शाळा असेल तिथे एका मावशींचं पद भरा. निळ्या बसच्या फेऱ्या कोणत्याही कपातीतून वगळा. आणि शिक्षण कराच्या नावाने राज्यात किती गोळा झालं आणि त्यातलं नववी-दहावीवर किती गेलं, हे तालुकावार दर वर्षी छापा. तंगी असेल तर नव्या इमारती, समारंभ, टॅब्लेट, रंगरंगोटीच्या स्पर्धा थांबू द्या. आम्ही कुरकुरणार नाही. मोठा खर्च एक वर्ष थांबला तर पुढच्या वर्षी होतो. नववीतून गेलेली मुलगी पुढच्या वर्षी परत येत नाही.

नागपूरला हिवाळी अधिवेशन होतं आणि तिथे पुरवणी मागण्या मांडल्या जातात. आमच्या अमरावती विभागाचे शिक्षक आमदार आणि जिल्ह्यातले आमदार हे पत्र वाचत असतील तर त्यांना हात जोडून विनंती आहे : पुरवणी मागण्यांच्या पुस्तकात शालेय शिक्षण विभागाचं पान उघडून वेतनेतर अनुदानापुढे रक्कम आहे की नाही तेवढं पाहा, आणि नसेल तर सभागृहात उभं राहून विचारा. आपल्या प्रतिनिधीने त्या दिवसांत एखाद्या तालुक्याच्या शाळेचं कॅशबुक पाहून बातमी केली तर फार मदत होईल. आमच्याकडे आले तर मी दाखवीन, मुख्याध्यापकांची परवानगी मी घेऊन ठेवते.

आपली,
एक वरिष्ठ लिपिक,
अनुदानित माध्यमिक शाळा, जि. बुलढाणा